मोरीच्या वासापासून सीपीएस जनुकापर्यंत : प्राचीन माशांच्या नायट्रोजन-कचऱ्याची उत्क्रांती स्वतः कशी शोधायची

मालवणच्या बाजारात मोरी घेताना जाणती बाई ती आधी नाकाशी नेते. शिळ्या बांगड्याला कुबट वास येतो. शिळ्या मोरीचा वास मात्र वेगळा असतो, तो थेट अमोनियाचा, डोळ्यांत पाणी आणणारा. मोरी म्हणजे लहान शार्क. तिच्या रक्तात आणि मांसात युरिया भरलेला असतो, आणि मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. पाकटाचंही तेच. त्याच टोपलीतल्या बांगड्यात आणि सुरमईत युरिया नावापुरताच असतो.

एका टोपलीतल्या दोन माशांत एवढा फरक का, याचं उत्तर चाळीस कोटींहून जास्त वर्षं मागे जातं. ते शोधण्यासाठी लागणारा जवळपास सगळा कच्चा माल आज इंटरनेटवर फुकट आहे. प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या, प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा लेख आहे. प्रयोगशाळा लागणार नाही. साधा लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि महिनाभराची चिकाटी पुरते.

आधी रसायन, कारण त्याशिवाय जनुक वाचता येत नाही

प्रथिनं पचली आणि अमिनो आम्लं जळली की अमोनिया उरतो. तो विषारी, विशेषतः मेंदूला. पाण्यातल्या माशाला तो बाहेर टाकणं स्वस्त पडतं. कल्ल्यांतून तो थेट पाण्यात जातो, आणि त्याला वाट करून द्यायला आरएच कुळातली प्रथिनं असतात. ही आपल्या रक्तगटातल्या ‘आरएच’ची भावकीच. चयापचयाचा मोठा खर्च होत नाही, साठवणही करावी लागत नाही.

जमिनीवर हे जमत नाही. तिथे अमोनियाचा युरिया करावा लागतो. त्यासाठीचं युरिया-चक्र १९३२ मध्ये हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी उलगडलं. एका युरियाच्या रेणूमागे चार उच्च-ऊर्जा फॉस्फेट बंध मोडावे लागतात. चक्राची पहिली आणि वेग ठरवणारी पायरी म्हणजे कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज, पुढे नुसतं सीपीएस. सगळी गोष्ट या एका विकराभोवती फिरते, म्हणून त्याचे तीन प्रकार नीट लक्षात घ्या.

सीपीएस-१ सुटा अमोनिया घेतं. ते आपल्या यकृतात, मायटोकाँड्रियात असतं. सीपीएस-३ सुटा अमोनिया घेत नाही, तो ‘पुडीत बांधून’ मागतं, आणि ती पुडी म्हणजे ग्लुटामिन. हे शार्क, पाकट आणि सीलाकँथ नावाचा प्राचीन मासा यांच्यात मिळतं, मायटोकाँड्रियातच. पुडी बांधायला ग्लुटामिन सिंथेटेज हे वेगळं विकर लागतं आणि त्यात आणखी एक फॉस्फेट बंध खर्च होतो, म्हणून या माशांना एका युरियाला चार नव्हे, पाच बंध मोजावे लागतात. तिसरं सीपीएस-२. ते पेशीद्रवात असतं, पिरिमिडीन (डीएनए-आरएनएचे घटक) बनवतं, आणि युरियाशी त्याचा संबंध नाही. तरी तुमच्या शोधात ते सारखं मधे येईल.

नावांचा एक घोळ इथेच सोडवू. सीपीएस-१ आणि सीपीएस-३ ही दोन वेगळी जनुकं नव्हेत. एकाच जनुकाचं प्रथिन माशात पुडी मागतं आणि सस्तन प्राण्यात सुटा अमोनिया घेतं. डेटाबेसात माशाच्या जनुकावरही ‘सीपीएस-१’ असंच लेबल असतं. लेबलावरून विकराचा स्वभाव कळत नाही. तो कळतो प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्या क्रमातल्या मोजक्या जागांवरून. या अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा.

पायरी १ : प्रश्न एका ओळीत लिहा

‘माशांमधील नायट्रोजन चयापचयाची उत्क्रांती’ हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा : पुडीतल्या ग्लुटामिनकडून सुट्या अमोनियाकडे हा बदल वंशवृक्षाच्या कोणत्या फांदीवर झाला?

याला चांगला इतिहास आहे. १९८९ मध्ये मॉम्सेन आणि वॉल्श यांनी मांडलं की दोन बदल झाले असावेत. एक, सीपीएस-३ चं सीपीएस-१ झालं. दुसरा, चक्राच्या शेवटी युरिया मोकळा करणारं अर्जिनेज हे विकर मायटोकाँड्रियातून पेशीद्रवात आलं. सीलाकँथमध्ये दोन्ही जुनी रूपं आणि आफ्रिकी फुप्फुसमाशात दोन्ही नवी रूपं दिसली, म्हणून दोन्ही बदल या दोघांच्या मधल्या फांदीवर बसवले गेले. चित्र फार सुबक होतं. मग २००३ पासून सिंगापूरमधल्या संशोधकांनी फुप्फुसमासे पुन्हा तपासले आणि त्यांच्या यकृतात सीपीएस-३ सापडलं. म्हणजे निदान पहिला बदल फुप्फुसमाशांनंतर, चार पायांच्या प्राण्यांकडे जाणाऱ्या फांदीवर सरकला.

तुमचा प्रकल्प नेमका या फांदीवर उभा राहील. विकराची क्रिया मोजण्यात एकदा चूक होऊ शकते हे इथे दिसलं. क्रम हा स्वतंत्र साक्षीदार आहे, आणि तो आता तुम्हालाही तपासता येतो.

पायरी २ : मासे निवडा

इथे घाई करू नका. निवड चुकली तर पुढचं कोणतंही गणित ते सुधारू शकत नाही.

सगळ्यात बाहेरच्या फांदीवर कास्थिमत्स्य, म्हणजे कूर्चेचा सांगाडा असलेले मासे, हवेत. एलिफंट शार्क (कॅलोरिंकस मिली) हा उत्तम, त्याचा जीनोम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीला एखादा खरा शार्क आणि एक पाकट घ्या. हे मासे युरियाला कचरा मानत नाहीत. शार्कच्या रक्तात लिटरमागे सुमारे ३५० मिलिमोल युरिया असतो, माणसाच्या रक्तात तो २.५ ते ७ असतो. एवढा युरिया प्रथिनांची घडी बिघडवतो, म्हणून जोडीला साधारण निम्म्या प्रमाणात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं रसायन असतं, ते प्रथिनांना सावरून धरतं. या दोघांमुळे शार्कचं रक्त समुद्राच्या पाण्याइतकंच ‘दाट’ राहतं आणि शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जात नाही. शार्कमधला युरिया श्टेडेलर आणि फ्रेरिक्स यांना १८५८ मध्येच सापडला होता. म्हणजे युरिया-चक्र जमिनीसाठी जन्माला आलं ही पाठ्यपुस्तकी समजूत टिकत नाही. खाऱ्या पाण्यात तग धरायला ते माशांकडे आधीपासून होतं. जमिनीवर आलेल्यांनी हाताशी असलेली यंत्रणा नव्या कामाला जुंपली.

मग सीलाकँथ, लॅटिमेरिया चालुम्नी. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांनी तो बंदरावरच्या ढिगातून ओळखून बाजूला काढला. मासा पेंढा भरून जपला गेला, पण आतले मऊ अवयव टाकून द्यावे लागले. दुसरा मासा कोमोरोस बेटांजवळ १९५२ मध्ये मिळाला. त्याच्या युरियाचं रसायन थेट १९६० च्या दशकात समजलं, आणि ते शार्कसारखंच निघालं : रक्तात भरपूर युरिया आणि यकृतात तो बनवणारं चक्र. त्याचा जीनोम २०१३ मध्ये आला.

‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द मात्र प्रकल्पात जपून वापरा. सीलाकँथची प्रथिनं चार पायांच्या प्राण्यांपेक्षा सावकाश बदलली हे त्याच अभ्यासात दिसलं, पण सावकाश बदलणं म्हणजे गोठून राहणं नव्हे. तो आपला पूर्वज नाही, दूरचा चुलतभाऊ आहे. आपल्याइतकीच वर्षं त्यानेही काढली आहेत.

फुप्फुसमासे किमान दोन घ्या. आफ्रिकेतला प्रोटोप्टेरस अ‍ॅनेक्टेन्स आणि ऑस्ट्रेलियातला निओसेराटोडस फोर्स्टेराय, दोघांचेही जीनोम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोटोप्टेरस डबकं आटलं की चिखलात कोष करून महिनोन्‌महिने पडून राहतो. त्या काळात त्याच्या शरीरात युरिया साठतो हे होमर स्मिथ यांनी १९३० च्या सुमारास दाखवलं. ऑस्ट्रेलियाचा चुलता असा कोष करत नाही. ही तुलना तुमच्या कामाची आहे.

किरणपंखी माशांत ठिपक्यांचा गार (लेपिसोस्टियस ऑक्युलेटस) आणि बिचिर (पॉलिप्टेरस सेनेगालस) घ्या. नेहमीच्या अस्थिमाशांच्या पूर्वजात अख्खा जीनोम दुप्पट झाला होता, त्यामुळे झेब्राफिश किंवा ट्राउटमध्ये एका जनुकाच्या दोन प्रती निघू शकतात आणि नवखा माणूस गोंधळतो. गार त्या दुपटीआधी वेगळा झाला, म्हणून तो स्वच्छ आरसा आहे. झेब्राफिशही घ्या, पण गारनंतर.

शेवटी एक-दोन बेडूक, एखादं कासव, उंदीर आणि माणूस. बेडूक नसतील तर ‘चार पायांच्या प्राण्यांच्या पूर्वजाकडे जाणारी’ फांदी आणि ‘सरपटणारे-सस्तन यांच्या पूर्वजाकडे जाणारी’ फांदी वेगळ्या दिसणार नाहीत. वीस-पंचवीस प्रजाती पुरतात. शंभर गोळा करण्याच्या मोहात पडू नका.

पायरी ३ : क्रम गोळा करा

सुरुवात माणसापासून. युनिप्रॉट या डेटाबेसात मानवी सीपीएस-१ चा क्रमांक पी-३१३२७ आहे. शोधपेटीत अर्थातच रोमन लिपीत टाइप करावं लागेल. प्रथिन १५०० अमिनो आम्लांचं आहे, त्यातली पहिली ३८ मायटोकाँड्रियात शिरण्याचा पत्ता असतात आणि आत गेल्यावर कापली जातात. एनसीबीआय या अमेरिकी डेटाबेस-संस्थेच्या ‘जीन’ विभागात याच जनुकाचा क्रमांक १३७३ आहे. त्या पानावर ‘ऑर्थोलॉग्ज’चा (इतर प्रजातींतल्या त्याच जनुकाचा) दुवा असतो, तिथून बहुतेक प्रजातींचे क्रम एकदम मिळतात.

जे तिथे नाहीत ते ब्लास्टने, म्हणजे मिळतेजुळते क्रम शोधणाऱ्या साधनाने, शोधा. मानवी प्रथिन टाकण्यापेक्षा गारचं प्रथिन टाका, माशांसाठी ते जवळचं पडतं. प्रत्येक प्रजातीचं प्रथिन आणि त्याच प्रथिनाचा सांकेतिक डीएनए-क्रम, दोन्ही आत्ताच उतरवून घ्या. नंतर जोड्या जुळवायला बसलं की एका प्रजातीचं प्रथिन एका रूपाचं आणि डीएनए दुसऱ्याच रूपाचा निघतो, आणि अख्खा दिवस जातो.

फुप्फुसमाशांत जीनोमचा अख्खा तुकडा उतरवायला जाऊ नका. ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशाचा जीनोम सुमारे ४३ अब्ज अक्षरांचा आहे, माणसाचा सुमारे ३. जनुकांच्या मधली रिकामी पट्टी इतकी लांब असते की संगणकाने ओळखलेलं जनुक बरेचदा तुकड्या-तुकड्यांत येतं. या माशांसाठी आरएनएपासून मिळालेला क्रम असेल तर त्यालाच प्राधान्य द्या.

एक वही, खरीखुरी कागदाची, जवळ ठेवा. प्रजाती, क्रमांक, उतरवल्याची तारीख, लांबी. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी विचारलं की ही वहीच उत्तर देते.

पायरी ४ : गाळणी

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा ब्लास्टच्या यादीतून चार माशांचे क्रम उचलले, वंशवृक्ष काढला, आणि ते चार मासे एकत्र येऊन झाडाच्या एका टोकाला जाऊन बसले. दोन दिवस मला वाटत होतं की काहीतरी मोठं सापडलंय. ते सीपीएस-२ होतं. ते ‘सीएडी’ नावाच्या लांबलचक प्रथिनाचा भाग असतं, आणि वर्णनात त्याच्याही नावापुढे कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज लिहिलेलं असतं.

तेव्हापासून मी आधी लांबी बघतो. १५०० च्या आसपास असेल तर ठीक. मानवी सीएडी २२२५ अमिनो आम्लांचं आहे, त्या घरातली लांबी दिसली की बाजूला काढा. १२०० च्या खाली असेल तर क्रम बहुधा तुटलेला आहे.

मग शेजार बघा. माणसात सीपीएस-१ दुसऱ्या गुणसूत्रावर आहे, त्याच्या एका अंगाला लँसिएल-१ आणि दुसऱ्या अंगाला ईआरबीबी-४ ही जनुकं आहेत. एनसीबीआयच्या जीनोम-दर्शकात माशाचं जनुक उघडून आजूबाजूला तीच नावं दिसतात का ते पाहा. दिसली तर हे तेच जनुक आहे याला भक्कम आधार मिळाला. दिसली नाहीत म्हणून लगेच फेकू नका, गुणसूत्रं तुटतात आणि नव्याने जुळतात.

पायरी ५ : जुळवणी, आणि ती एक जागा

सगळी प्रथिनं एका फाइलीत घालून मॅफ्ट या प्रोग्रामने जुळवा, म्हणजे सारख्या जागा एकाखाली एक येतात. ते युरोपियन बायोइन्फॉरमॅटिक्स संस्थेच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच चालतं. जुळवणी अलीव्ह्यू नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये उघडा आणि रंगीत स्तंभांवरून सावकाश डोळे फिरवा. हे काम यंत्रावर सोपवू नये असं माझं ठाम मत आहे.

आता त्या जागेकडे. ग्लुटामिनची पुडी सोडवण्याचं काम प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागातला एक सिस्टीन करतो. ई. कोलाय जिवाणूत छोट्या उपघटकातला २६९ क्रमांकाचा सिस्टीन तो हाच. त्याच्या भोवतीचा क्रम एकेका अक्षरात असा : जी-आय-सी-एल-जी-एच. ‘सी’ म्हणजे सिस्टीन. माणसाच्या सीएडीमध्येही हीच सहा अक्षरं आहेत, कारण तेही पुडीच सोडवतं. माणसाच्या सीपीएस-१ मध्ये त्याच ठिकाणी आहे : जी-आय-एस-टी-जी-एन. सिस्टीनच्या जागी सेरीन आला. दोघांत फरक एका अणूचा, गंधकाच्या जागी ऑक्सिजन. पण त्यामुळे पुडी सोडवणारं बोटच गेलं.

जुळवणीत ही जागा शोधायची सोपी खूण : त्या ‘सी’ किंवा ‘एस’च्या अकरा घरं पुढे जी-ए-के-टी अशी चार अक्षरं येतात. ती माणसातही आहेत आणि जिवाणूतही. ती सापडली की मागे मोजत या, आणि प्रत्येक प्रजातीपुढे वहीत लिहा : सी की एस. शार्कपुढे काय आहे, सीलाकँथपुढे काय, फुप्फुसमाशांपुढे काय. यादी हाताने लिहून झाली की १९८९ विरुद्ध २००३ हा वाद तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी तपासलेला असेल.

मग बेडकाची ओळ बघा आणि थांबा. बुलफ्रॉगचं सीपीएस सुटा अमोनियाच घेतं, ग्लुटामिनला हात लावत नाही. तरीही त्याच्याकडे तो सिस्टीन शाबूत आहे. अडचण त्याच्या परिसरातल्या इतर जागांमध्ये आहे. तिथली दोन अमिनो आम्लं प्रयोगशाळेत बदलल्यावर बेडकाच्या विकराला ग्लुटामिन वापरता येऊ लागलं, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. याचा सरळ अर्थ असा की बदल टप्प्याटप्प्याने झाला. आधी पुडी पकडणारी पकड सैल झाली, आणि सिस्टीन नंतर, सस्तन प्राण्यांकडे येणाऱ्या वाटेवर गेला. म्हणून ‘सी आहे म्हणजे सीपीएस-३’ असं कधीही लिहू नका. ‘एस आहे म्हणजे ग्लुटामिन वापरता येत नाही’ हे मात्र लिहिता येतं. या मार्गदर्शकात सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो या पायरीला, निदान आठवडाभर.

पायरी ६ : वंशवृक्ष

ही पायरी ऐकायला भारी, करायला सोपी. जुळवणी आयक्यू-ट्रीच्या वेब सर्व्हरवर चढवा, मॉडेल त्यालाच निवडू द्या, अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (प्रत्येक फांदीला किती आधार आहे ते मोजणारी चाचणी) १००० वर ठेवा. झाडाचं मूळ कास्थिमत्स्यांवर टेका. ९५ किंवा त्याहून जास्त आधार असलेल्या फांद्यांवरच बोला.

फुप्फुसमासे चार पायांच्या प्राण्यांच्या जवळ आणि सीलाकँथ त्याबाहेर, असा क्रम प्रजातींच्या झाडात पक्का झालेला आहे. तुमच्या एका जनुकाच्या झाडात तो उलटा दिसला तर नवा शोध लागला असं समजू नका. आधी तुटके क्रम आणि चुकीची जुळवणी शोधा.

पायरी ७ : निवडीची कसोटी

डीएनएतले काही बदल प्रथिनाचा अर्थ बदलत नाहीत, काही बदलतात. अर्थ बदलणाऱ्यांचा दर अर्थ न बदलणाऱ्यांच्या दराने भागला की ओमेगा मिळतो. एकपेक्षा बराच कमी म्हणजे निसर्ग बदल खपवून घेत नाही. एकपेक्षा जास्त म्हणजे बदलाला प्रोत्साहन मिळालं.

आधी पॅल-टू-नॅल वापरून प्रथिनाच्या जुळवणीवर डीएनएचे तीन-तीन अक्षरांचे गट बसवा. मग पॅमल संचातला कोडएमएल हा प्रोग्राम. इथे जनुकाचं झाड देऊ नका, मान्य प्रजातींचं झाड द्या. तपासायच्या फांदीवर हॅश-एक अशी खूण करा. कंट्रोल फाइलीत मॉडेल २ आणि एनएस-साइट्स २. एकदा ओमेगा मोकळा सोडून चालवा, एकदा तो १ वर बांधून. दोन्ही वेळच्या लॉग-लाइकलिहूडमधला (मॉडेल डेटाशी किती जुळतं, त्या आकड्यातला) फरक दुप्पट करा. उत्तर ३.८४ च्या वर असेल तर पाच टक्क्यांच्या पातळीवर बांधलेलं मॉडेल नाकारता येतं. मोकळं मॉडेल वेगवेगळ्या सुरुवातीच्या किमतींपासून तीन-चार वेळा चालवा, कारण ते कधीकधी अर्ध्या वाटेत अडकतं.

तुलनेला एक मापदंड आहे. सीलाकँथच्या २०१३ च्या अभ्यासात युरिया-चक्राची जनुकं अशीच तपासली गेली, आणि सीपीएस-१ वर चार पायांच्या प्राण्यांकडे आणि पुढे सरपटणारे-सस्तन यांच्या पूर्वजाकडे जाणाऱ्या फांद्यांवर निवडीच्या खुणा दिसल्या. तुमचं उत्तर त्याच्या आसपास आलं तर मार्ग बरोबर आहे.

इथे सावध करणं माझं कर्तव्य आहे. चाळीस कोटी वर्षांत अर्थ न बदलणाऱ्या जागा इतक्या वेळा बदललेल्या असतात की मोजणीच भरून वाहते, आणि मग ओमेगाचा आकडा डोळे झाकून विश्वास ठेवण्याजोगा राहत नाही. शिवाय ही कसोटी जुळवणीतल्या चुकांना फार हळवी आहे. एका प्रजातीत दहा अक्षरं सरकली तरी ‘निवड’ दिसू लागते. म्हणून प्रोग्राम ज्या जागा दाखवेल त्या प्रत्येक जागेवर अलीव्ह्यूमध्ये परत जाऊन बघा, आजूबाजूला फटी आणि विस्कळीत स्तंभ असतील तर ती जागा सोडून द्या. मग एकेक प्रजाती वगळून कसोटी पुन्हा चालवा. एकच मासा काढल्यावर निकाल मावळत असेल तर तो निकाल त्या माशाच्या क्रमातल्या चुकीतून आलेला असू शकतो.

सीपीएस जड वाटत असेल तर अर्जिनेजवर हात बसवा. मानवी अर्जिनेज-१ फक्त ३२२ अमिनो आम्लांचं, पेशीद्रवातलं. अर्जिनेज-२ हे ३५४ चं, मायटोकाँड्रियातलं. झाड पटकन तयार होतं आणि दोन शाखा डोळ्यांना दिसतात.

पायरी ८ : जनुक आहे, पण चालतंय का?

बहुतेक विद्यार्थी सातव्या पायरीवर थांबतात आणि निष्कर्षात घसरतात. जीनोममध्ये जनुक असणं आणि मासा युरिया बनवत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

रेनबो ट्राउट घ्या. मोठा ट्राउट अमोनियाच टाकतो, त्याच्या यकृतात युरिया-चक्र जवळजवळ निजलेलं असतं. पण १९९५ मध्ये दिसलं की अंड्यातल्या पिल्लात हीच विकरं जागी असतात. कवचात कोंडलेल्या पिल्लाला अमोनिया सहज बाहेर टाकता येत नाही, म्हणून असावं. केनियातल्या मगाडी सरोवराचं पाणी इतकं अल्कलीयुक्त, सामू १० च्या घरात, की तिथल्या तिलापियाला कल्ल्यांतून अमोनिया टाकणं अशक्यच. तो नायट्रोजनचा कचरा युरिया म्हणूनच टाकतो, आणि त्याचं सीपीएस यकृताखेरीज स्नायूंतही काम करतं. उलट टोकाला अमेझॉनच्या गोड्या पाण्यातलं पाकट, पोटामोट्रायगॉन. समुद्रातली भावंडं युरियाने भरलेली, आणि याने तो साठवणं सोडून दिलं.

तेव्हा एनसीबीआयच्या एसआरए संग्रहात तुमच्या प्रजातीचा आरएनए-डेटा शोधा आणि कोणत्या ऊतीचा, कोणत्या वयाचा, कोणत्या पाण्यातला, हे वहीत लिहा. फक्त प्रौढ यकृत पाहून ‘बंद’ असा शेरा मारू नका. सीपीएसबरोबर ग्लुटामिन सिंथेटेजही बघा, कारण पुडी बांधणारा नसेल तर पुडी सोडवणाऱ्याला काम नाही.

आणि युरिया फक्त चक्रातून येतो असंही नाही. युरिक आम्ल फोडूनही तो तयार होतो. त्या वाटेवरची युरिकेज, अलँटॉइनेज, अलँटॉइकेज ही विकरं अनेक माशांत आहेत. युरिया दिसला म्हणून लगेच चक्राला श्रेय द्यायची घाई नको.

पायरी ९ : तेच स्तंभ आपल्या डबक्यातल्या माशांसाठी

एवढं झाल्यावर जुळवणीत दोन ओळी वाढवा : मागूर आणि शिंगी. दोघेही हवेतून श्वास घेतात आणि आटत्या डबक्यात, चिखलात तग धरतात. शिंगीत युरिया-चक्र खरोखर चालतं हे निर्मलेंदू साहा आणि बी. के. रथ यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. अस्थिमाशांत ही दुर्मीळ गोष्ट, आणि ती आपल्याच देशात मोजली गेली. डेटाबेसातून क्रम घेताना प्रजातीचं नाव दोनदा वाचा. बाजारात मागूर म्हणून विकला जाणारा मासा पुष्कळदा आफ्रिकी क्लॅरियस गॅरिएपायनस असतो, देशी मागूर वेगळा.

पुढे कोकणातली निवटी आहे, जी भरती ओसरल्यावर चिखलावर उड्या मारताना दिसते. निवटीच्या कुळातला एक मोठा भाऊबंद, पेरिओफ्थॅल्मोडॉन श्लोसेराय, यांपैकी कोणतीच वाट धरत नाही. तो कल्ल्यांतून अमोनियम आयन ऊर्जा खर्चून बाहेर ढकलतो. त्याच्यासाठी सीपीएसचे स्तंभ बाजूला ठेवून आरएच प्रथिनांची नवी फाइल उघडावी लागेल, आणि गाळणीपासून सगळं पुन्हा करावं लागेल.